करीच्या दिवशी

क्षयाच्या रुग्णाच्या घरी पहिल्यांदा गेलं की काय सांगायचं, ते आम्हा आशांच्या तोंडात बसलेलं असतं. तोंडाला रुमाल बांधा. खोकताना मान फिरवा. खिडकी-दार उघडं राहू द्या. बेडका कुठेही थुंकू नका. सकाळच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. आणि घरात लहान लेकरू असेल तर त्याला काही दिवस लांब ठेवा. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावात हे सांगताना मी उंबऱ्याशी बसलेली असते आणि समोर एकच खोली दिसत असते. तिच्यातच चूल, तिच्यातच धान्याच्या कोठ्या, तिच्यातच पाच-सहा माणसांची अंथरुणं. लांब म्हणजे कुठे, हे बायका तोंडाने विचारत नाहीत, खोलीभर नजर फिरवतात. मग आम्ही मिळून जागा शोधतो. कधी ओसरी, कधी बैल विकल्यावर मोकळा झालेला गोठा, कधी शेजारच्या दिराचं घर.

2025 च्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या धांदलीत, तशी जागा मला माझ्यासाठी शोधावी लागली.

खोकला मे महिन्यातच सुरू झाला होता. संध्याकाळी अंग कणकणायचं, भाकरी नकोशी व्हायची, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की बेडका तपासायचा, हे गावाला सांगणारी मी, त्यामुळे मला कोणी समजवायची गरज नव्हती. डबी घेतली. एक नमुना तिथल्या तिथे दिला, दुसरा सकाळी उठल्या-उठल्याचा. ग्रामीण रुग्णालयातून निकाल आला : जंतू आहेत, रिफाम्पिसिनला दाद देणारे आहेत. त्यातलं दुसरं ऐकून मला हायसं वाटलं. ज्या जंतूंवर ते औषध चालत नाही त्यांचा उपचार किती लांबतो, आणि माणूस आणि त्याचं घर त्यात किती पिचतं, ते मी जवळून पाहिलेलं आहे.

वजन चाळीस किलोच्या आसपास आलं होतं, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी तीन गोळ्या. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायरॅझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायरॅझिनामाइड वगळून तीन. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, असं मी प्रत्येकाला आधीच सांगून ठेवते, कारण तो रंग पाहून हादरून गोळ्या बंद करणारी माणसं भेटतात. गुडघे आणि घोटे ठणकायचे. चुलीपुढे उकिडवं बसणं जमेना, तेव्हा सासूबाईंनी पाट दिला. गावातल्या दुसऱ्या आशाताई माझ्या उपचाराच्या साक्षीदार झाल्या. रोज येऊन बसायच्या, गोळ्या गिळून होईपर्यंत हलायच्या नाहीत. मीही इतरांकडे तशीच बसते.

मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. पाच वर्षांखालचं मूल क्षयाच्या रुग्णाबरोबर एका घरात राहत असेल तर त्याला आजाराची लक्षणं नाहीत याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात. त्याला ना खोकला होता ना ताप, वजनही ठीक होतं. वजनाच्या हिशेबाने आयसोनियाझिड, सहा महिने, रोज. म्हणजे आमच्या घरात सकाळी दोघांच्या गोळ्या असायच्या. मी ओसरीवरच्या खाटेवर बसून माझ्या घ्यायची, तो आतल्या उंबऱ्यावर आजीच्या मांडीवर बसून त्याची घ्यायचा. माझ्या तोंडाला रुमाल. त्याची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवलेली. मी आधी की तू आधी, असा खेळ चालायचा, उंबरा मध्ये ठेवून.

ओसरीवर झोपायचं मीच ठरवलं होतं. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी काढली. मी म्हटलं, "आत्याबाई, हे ताटातून नाही पसरत, हवेतून पसरते." त्या म्हणाल्या, "हाव माय, ठाऊक हाय. राहू दे तरी." ताट वेगळं ते वेगळंच राहिलं. मी वाद घातला नाही, त्यांच्या नातवाच्या काळजीपोटी होतं ते.

औषध लागू पडलं की दोन आठवड्यांतच रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता झपाट्याने उतरते. हेही मला पाठ होतं. दोन आठवडे झाले. डॉक्टरांनी तपासलं, खोकला बराच कमी झाला होता, आता रुमाल सांभाळून घरात वावरायला हरकत नाही म्हणाले. पण घरी येऊन कोणी खाट आत नेली नाही. थोडं थांबू. आषाढ आला. अजून थोडं. सोयाबीनला डवरणी झाली, श्रावण लागला, सोमवार सुरू झाले, आणि मी ओसरीवरच. मीसुद्धा बोलले नाही. रात्री तो आत कुशीवर वळून काही पुटपुटायचा, ते पातळ भिंतीतून ऐकू यायचं. आई असल्यावर सावधपणाला शेवट सापडत नाही. आज जवळ घेतलं आणि उद्या त्याला काही झालं तर, एवढा एक विचार आला की पुढचे चार दिवस आणखी जायचे.

ऑगस्टच्या सुरुवातीला दोन महिन्यांची तपासणी झाली. बेडक्यात जंतू नाहीत. वजन वाढलेलं. मी तो कागद घरात सगळ्यांना वाचून दाखवला आणि लेकाला हाक मारली. तो धावत आला आणि उंबऱ्यावर थांबला. दोन्ही पावलं उंबऱ्याच्या आत, हात चौकटीला.

"येऊ का?"

"ये ना."

त्याने आधी आजीकडे पाहिलं. मग आला, पण खाटेच्या पायथ्याशी बसला, आणि थोड्या वेळाने आपला आपण उठून आत गेला. दोन महिन्यांत तो ते शिकला होता. किती लांब थांबायचं हे त्याला आमच्यापेक्षा नीट कळत होतं. त्यानंतरही तो तसाच विचारायचा. मी पाणी प्यायला उठले तरी बाजूला सरकायचा.

एका प्रशिक्षणात आम्हाला मद्रासच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. क्षयावरची चांगली औषधं हाताशी आली त्या काळात, 1956 मध्ये, मद्रास शहरात एक अभ्यास सुरू झाला. तोवर क्षयाचा रुग्ण म्हणजे सॅनिटोरियम, घरदार सोडून महिनोन्‌महिने हवेशीर ठिकाणी. आपल्याकडे मिरजेला वानलेसवाडीला होतं तसं. मद्रासमध्ये काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांतच ठेवून तीच औषधं वर्षभर दिली. 1959 मध्ये निकाल छापून आले. घरी राहिलेले रुग्ण सॅनिटोरियममधल्यांच्या जवळपास तितकेच बरे झाले. पुढे घरच्या माणसांवर कितीतरी वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा असंही दिसलं की रुग्ण घरात राहून औषध घेतोय म्हणून त्या घरातल्यांना जास्त लागण झाली नाही. जी लागण व्हायची ती बहुतेक निदान होण्याआधीच्या महिन्यांत होऊन गेलेली असते. औषध सुरू झालं की धोका उतरणीला लागतो. तो अभ्यास करणारं केंद्र आज चेन्नईत राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून आहे. आज जगभर क्षयाचा माणूस आपल्या घरी, आपल्या लेकरांत राहून बरा होतो, त्यामागे मद्रासच्या त्या कोंदट घरांचा मोठा वाटा आहे. प्रशिक्षणात हे ऐकताना मी वहीत लिहून घेतलं होतं. ओसरीवर पडल्या पडल्या ते मला अनेकदा आठवलं. फार बळ देणारी गोष्ट आहे ती, पण उंबऱ्यावर थांबलेल्या पोराला ती समजावून सांगता येत नाही.

22 ऑगस्टला पोळा होता. आमच्याकडे आता बैल नाहीत. गावात निम्म्या गोठ्यांची तीच गत आहे, नांगरणी ट्रॅक्टरने आणि फवारणी पाठीवरच्या पंपाने. तरी आदल्या संध्याकाळी माहेरी बाबांनी त्यांच्या जोडीचे खांदे हळद-लोण्याने मळले, पळसाच्या पानाने शेकले, उद्या जेवायला या म्हणून आवतण दिलं, आणि फोन करून नातवाला ते सगळं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी, करीला, तान्हा पोळा. विदर्भात हा मुलांचा सण. नागपूरला दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केला असं सांगतात. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा, मुलांचा लाकडी नंदीचा. बैल नसलेल्या घरात तर नंदीच उरलेला आहे, आणि पोरं त्याला तितक्याच हौसेने सजवतात.

आमचा नंदी बाबांनी सुताराकडून करून घेतलेला. धड सागाच्या उरलेल्या तुकड्यांचं, चाकं बाभळीची, पाठ रुंद, चार वर्षांचं पोर आरामात बसेल एवढी. सकाळपासून त्याची तयारी चालली होती. शिंगांना बेगड लावली, कपाळाला बाशिंग, अंगावर माझ्या जुन्या काठाची झूल, गळ्यात घुंगरू. पुढे ओढायची दोरी होती. मी मागूनही एक बांधली, कासऱ्यासारखी, कारण मारुतीच्या पारापासून विहिरीकडे जाणारा रस्ता सिमेंटचा झाल्यापासून तिथे चांगलाच उतार आहे आणि पोरं नंदीवर बसून तिथूनच सुटतात. दरवर्षी त्या उतारावर गुडघे फुटतात आणि दरवर्षी सगळे तिथेच जमतात.

नवरा तोरण बांधायला आणि वह्या वाटायला मंडळाबरोबर गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "तू बसून राय, मी नेतो त्याले." त्यांचे गुडघे त्या उताराला झेपणारे नव्हते. मी चप्पल घातली. रुमाल घ्यायचा की नाही यावर थोडी घुटमळले. डॉक्टरांनी गरज नाही म्हटलं होतं. पण गाव पाहणार होतं. आशा म्हणून मी ज्यांना सांगत आले की तपासणी चांगली आली, आता तोंड झाकून फिरायचं कारण नाही, त्यातल्या दोन-तीन जणी तिथे असणार होत्या. रुमाल घरीच ठेवला.

तोरणाखाली नंदींची रांग लागली, मानाच्या नंदीची पूजा झाली, तोरण तुटलं, आणि पोरं सुटली. घुंगरांचा आणि चाकांचा तो आवाज! माझा लेक नंदीवर मांड ठोकून बसला, दोन्ही हातांनी शिंगं धरून. मी मागे, कासरा हाताला एक वेढा देऊन. उताराला लागल्यावर नंदीने ओढ घेतली तशी मला चालावं लागलं, मग भराभर चालावं लागलं. कित्येक महिन्यांत मी एवढ्या वेगाने पाय टाकले नव्हते. घोट्यांनी कुरकुर केली. तो ओरडत होता, "सोड, आई, सोड!" मी दोरी थोडी थोडी सोडत होते.

खाली नालीवरच्या फरशीला पुढचं चाक अडकलं. नंदी कलंडला, पोरगं बाजूला पडलं, कोपर खरचटलं. मी पोचले, त्याला उचललं. येऊ का वगैरे काही नाही, ना त्याने विचारलं ना मी. त्याने गळ्याला मिठी मारली, रडताना त्याचं तोंड अगदी माझ्या तोंडाशी आलं, आणि माझी मान आपोआप दुसरीकडे फिरली, श्वास धरला गेला. जूनपासून अंगात भिनलेलं होतं ते. तो रडतच होता, गाल माझ्या मानेला लावून. मी श्वास सोडला. मान वळवली. त्याच्या केसांना तेलाचा, गुलालाचा आणि उन्हाचा वास येत होता.

कोपरावर फुंकर घालून झाली तसा तो म्हणाला, "परत."

परत म्हणजे चढ. एका हातात नंदीची दोरी, कमरेवर पोर. खाली येताना वाटलेलं बळ चढावर पुरलं नाही. बेडका साफ होणं वेगळं, छाती भरून येणं वेगळं, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं; जिना चढताना थांबणारे, विहिरीचा दोर ओढताना टेकणारे. आता तीच धाप माझ्या फासळ्यांत होती. चार घरं चढले आणि एका घराच्या पायरीवर बसले. त्या घरातली बाई पाणी घेऊन आली. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे मी रोज सकाळी गोळ्या गिळून होईपर्यंत बसायची. तिने लेकाच्या नंदीला कुंकू लावलं, त्याच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दम लागते ना? मले बी असाच लागे. खाय चांगलं, भरते छाती." मी तिला कधीकाळी सांगितलेलंच ती मला सांगत होती, आणि मला ते अगदी नव्याने ऐकल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो, दर वेळी त्याच पायरीवर टेकत. काही घरांत बोजारा पोराच्या हातावर मिळाला, एक-दोन ठिकाणी पायरीवर ठेवला गेला. तो फरक त्याला कळला नाही. त्याने सगळे पैसे सारख्याच आनंदाने वेचले.

रात्री खाट आत आली. कोणी आणली ते मी पाहिलं नाही. मी अंग धुऊन येईपर्यंत ती आत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग ठेचल्यासारखं दुखत होतं आणि मन इतकं हलकं होतं की गोळ्यांचं पाकीट हातात घेताना वाटलं, आता कशाला? हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. दोन-तीन महिन्यांनी गोळ्या सोडणारी माणसं बेफिकीर असतात असं लोकांना वाटतं. ती बरं वाटू लागलेली माणसं असतात. कामाला लागलेली, जेवण जाणारी, पोराला कडेवर घेणारी. शरीर बरं वाटायला लागतं ते पहिल्या दोन महिन्यांत. उरलेले जंतू दडून बसलेले असतात आणि पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. आशाताई समोर बसलेल्या होत्या. मी गोळ्या घेतल्या.

खाण्याचं म्हणाल तर निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी पाचशे होते) मी अंडी, शेंगदाणे आणि डाळीवर घालवले. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात क्षयरुग्णांच्या घरांना धान्य-डाळीचा शिधा देऊन पाहिला, तर त्या घरांतल्या माणसांना क्षय होण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलं. 2023 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. म्हणून मी घरात शिजेल ते सगळ्यांसाठी शिजवलं, माझ्यासाठी वेगळं काही नाही. डिसेंबरात माझा उपचार पूर्ण झाला, लेकाचाही. आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी.

माझ्या कामात एक गोष्ट बदलली आहे. लेकराला लांब ठेवा हे मी अजूनही सांगते, सांगायलाच हवं. पण ते अंतर कोणत्या दिवशी संपतं हेही त्याच बैठकीत सांगते. आमच्या फलकांवर, पत्रकांवर काळजी कधी सुरू करायची ते ठळक असतं. ती कधी थांबवायची ते बाईला कोणी सांगत नाही, आणि मग आठवडे महिन्यांत जातात. घरच्या माणसांचा त्यात दोष नसतो, भीतीला तारीख दिलेली नसते एवढंच. मी आता डॉक्टरांना विचारून ती तारीख घेते आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून येते. त्या दिवशी स्वतः जाते. नुसतं कळवून भागत नाही, कोणीतरी तिथे असावं लागतं आणि म्हणावं लागतं, द्या लेकरू तिच्याजवळ.

सध्या शेजारच्या वाडीत एक तरुण आई आहे. मुलगी दीड वर्षाची, अंगावर पिणारी. निदान झाल्यावर घरच्यांनी दूध तोडलं होतं. दूध तोडायचं नाही, दुधातून क्षय जात नाही, तोंडाला रुमाल बांधून पाजायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून मी तिच्या सासूसमोर पोरगी तिच्या मांडीवर दिली. पोरीची प्रतिबंधक गोळीही सुरू झाली. एरवी रात्री ती आजीजवळ झोपते. कालनिर्णयावरचा गोल परवाच्या तारखेला आहे. परवा आधी दोघींचं वजन करायचं आहे, मायचं अर्धा किलो जरी वाढलेलं दिसलं तरी सासूला धीर येईल. मग गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायची, खोकला कसा आहे ते डॉक्टरांना फोनवरून कळवायचं, आणि ते हो म्हणाले की अंथरूण आत घ्यायचं. सासूने कालच विचारलं, "ताई, सांजच्याले येसान की सकाळी?" सकाळीच येते म्हटलं, म्हणजे रात्रीपर्यंत तिला सवय होईल.